आळीच्या कोपऱ्यावरचें घर



‘पब’ हा शब्द आतां मराठी शहरांना अपरिचित राहिलेला नाहीं. पुण्यामुंबईकडे तो उच्चारला कीं अंधुक दिवे, कानठळ्या बसविणारें संगीत आणि तरुण मंडळींची दाटी डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु ज्या इंग्लंडांतून हा शब्द आपल्याकडे आला, तेथें त्याचा मूळ अर्थ अगदीं निराळा आहे. ‘पब्लिक हाउस’ या दोन शब्दांचें तें लाडकें संक्षिप्त रूप होय. पब्लिक हाउस म्हणजे सार्वजनिक घर. दुकान नव्हे, उपाहारगृह नव्हे, तर घर. आणि तेंहि सर्वांचें. आपल्या जवळच्या अशा घराला तेथील माणूस नुसतें ‘लोकल’ म्हणतो. म्हणजे आमच्या आळींतलें. तेथें जाऊन साधेंसें जेवण घ्यावें, एकाददुसरा पेला घ्यावा, गप्पा माराव्या आणि दहा-अकराच्या सुमारास घरीं परतावें, अशी तेथील सामान्य माणसाची सायंकाळ असते. त्या सायंकाळीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ज्यांच्या घरीं मद्याचा स्पर्शहि निषिद्ध आहे अशीं कुटुंबें माझ्या श्रोत्यांत पुष्कळ असतील. त्यांच्या नियमाला धक्का लावण्याचा माझा हेतु नाहीं. दारूनें किती संसार धुळीस मिळविले हें महाराष्ट्राला कोणीं शिकवावयास नको. १९४९ चा मुंबईचा दारूबंदीचा कायदा याच अनुभवांतून जन्मास आला. माझा प्रश्न निराळा आहे. पेला आणि घर या दोन गोष्टी जेथें शतकानुशतकें एकत्र नांदल्या, तेथें त्यांपैकीं घर नाहींसें झालें तर पेल्याचें काय होतें? विलायतेंत या प्रश्नाचें उत्तर गेल्या कांहीं वर्षांत मिळालें आहे, आणि तें पिणाऱ्याइतकेंच न पिणाऱ्यानेंहि ऐकण्यासारखें आहे.

प्रथम हें घर ओळखावयाचें कसें? दारावर टांगलेल्या चित्रावरून. इ. स. १३९३ मध्यें, दुसऱ्या रिचर्ड राजाच्या अमदानींत, असा दंडक झाला कीं, जो कोणी विक्रीसाठीं ‘एल’, म्हणजे जवापासून आंबविलेलें पेय, तयार करील त्यानें दारावर खूण टांगलीच पाहिजे. सरकारी तपासनीसाला घर सांपडावें हा त्यांतील हेतु. लोक बहुतेक निरक्षर. तेव्हां अक्षरांऐवजीं चित्रें आलीं. तांबडा सिंह, राजमुकुट, नांगर, घंटा, पांढरें हरिण. पांढरें हरिण हें तर त्या रिचर्डचेंच बोधचिन्ह. आजहि इंग्लंडांत वाट सांगतांना माणसें ‘तांबड्या सिंहापाशीं डावीकडे वळा’ असें सहज म्हणून जातात. पुढें १५५२ सालीं, सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दींत, अशा घरांना स्थानिक न्यायाधिशांचा परवाना आवश्यक ठरला. म्हणजे राज्यकर्त्यांनीं आरंभापासूनच हें घर एकाच वेळीं आवश्यक आणि धोक्याचें मानलें. तें बंद करावें असें त्यांना वाटलें नाहीं, आणि मोकळें सोडावें असेंहि वाटलें नाहीं. या दुहेरी दृष्टीमुळेंच त्याला आजचें रूप आलें.

आतां आपण चौघे मित्र गुरुवारीं सायंकाळीं सातच्या सुमारास अशा घरीं गेलों आहों अशी कल्पना करा. आंत शिरतांच कोणी ‘या, बसा’ म्हणत नाहीं, कीं टेबलाशीं येऊन काय हवें तेंहि विचारीत नाहीं. नवख्या परदेशी माणसाची येथेंच फसगत होते. तो टेबलाशीं बसून वाट पाहत राहतो आणि कोणीच येत नाहीं. येथें उठून उंच लांकडी काउंटरपाशीं जावें लागतें. त्यालाच ‘बार’ म्हणतात. रांगांबद्दल प्रसिद्ध असलेल्या या राष्ट्रांत बारपाशीं मात्र रांग दिसत नाहीं. तथापि ती असते. आपल्या आधीं कोण आलें हें प्रत्येकाच्या ध्यानांत असतें, आणि आंतल्या माणसाच्या तर असतेंच. नोट हलवून, टिचकी वाजवून किंवा मोठ्यानें हांक मारून आपला नंबर पुढें काढणें हा मोठा असभ्यपणा समजला जातो. नुसती नजरानजर झाली कीं पुरे.

पेला पिंटाचा, म्हणजे ५६८ मिलिलिटरांचा, किंवा अर्ध्या पिंटाचा. माप कायद्यानें ठरविलेलें. ज्या घरीं जुन्या पद्धतीची बीअर मिळते तेथें ती तळघरांतील पिंपांतून हातपंपानें वर ओढली जाते. या हातपंपाचें पेटंट जोसेफ ब्रामा या यंत्रज्ञानें १७९७ सालीं घेतलें. अशी बीअर पिंपांतहि जिवंत असते. तिचें आंबणें तळघरांतच पुरें होतें. तळघर सुमारें १२ अंश सेल्सिअस ठेवावें लागतें, आणि पिंप एकदां उघडलें कीं दोनतीन दिवसांतच तें संपलें पाहिजे. नाहींतर चव बिघडते. यांत एक मोठी गंमतीची गोष्ट दडलेली आहे. ज्या घरीं आळींतले लोक नेमानें येतात तेथेंच ही बीअर चांगली राहते. जेथें माणसें तुटलीं तेथें ती आंबट होते. बाटली कपाटांत एकटी वर्षभर राहूं शकते. पिंपाला शेजार लागतो.

पैसे तेथल्या तेथें. परंतु प्रत्येकानें आपापले द्यावयाचे नाहींत. एकानें चौघांचे पेले आणावयाचे, ते संपले कीं दुसऱ्यानें उठावयाचें, मग तिसऱ्यानें. याला ‘राउंड’ म्हणतात, आपण फेरी म्हणूं. आपली पाळी आली असतां खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या माणसाची तेथें किती अपकीर्ति होते हें सांगून पटावयाचें नाहीं. मद्य न घेणाऱ्यानें लिंबाचें सरबत मागितलें तरी तो फेरींतून वगळला जात नाहीं. त्याचाहि पेला येतो आणि त्याचीहि पाळी येते. बारमागील माणसाला बक्षिशी देण्याची रीत नाहीं. फार तर पैसे देतांना ‘आणि एक तुमच्यासाठीं’ असें म्हणावें. नोकराला नाणें देण्याऐवजीं त्याला आपल्या फेरींत ओढून घ्यावें, हा त्यांतील भाव. आपल्याकडे पानाचा डबा पुढें करण्यांत जें आहे, तेंच येथें आहे. वस्तु क्षुल्लक, देण्याघेण्यानें जुळणारें नातें मोठें.

ही फेरी एकदां बेकायदेशीर ठरली होती असें सांगितलें तर नवल वाटेल. पहिल्या महायुद्धांत दारूगोळ्याच्या कारखान्यांतील मजूर फार पितात अशी सरकारला चिंता पडली. १९१५ सालीं सार्वजनिक घरांच्या वेळा कापण्यांत आल्या, दुपारीं दार बंद ठेवणें सक्तीचें झालें, आणि लंडनसकट अनेक ठिकाणीं दुसऱ्याला पेला पाजण्यास मनाई करण्यांत आली. नवऱ्यानें बायकोसाठीं पेला घेणें हाहि गुन्हा झाला! अपवाद एकच ठेवला: पेला जेवणाबरोबर असेल आणि जेवणाचे पैसे यजमान देत असेल, तर हरकत नाहीं. युद्ध संपलें, मनाई गेली. परंतु दुपारीं दार लावण्याचा नियम मात्र १९८८ पर्यंत इंग्लंडांत टिकून राहिला. पाजणें कायद्यानें थांबवावें हा प्रयत्न फसला यांत नवल नाहीं. त्यांतील अपवाद मात्र शहाणपणाचा होता. अन्नाबरोबर, बसून, यजमानासमोर घेतलेला पेला आणि उभ्याउभ्या रिचविलेला पेला या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्या कायदेकर्त्यांनीं ओळखलें होतें.

अन्न आलेंच आहे तर त्याचाहि समाचार घेऊं. येथील जेवण पंचपक्वान्नाचें नव्हे. मांसाचा किंवा भाजीचा ‘पाय’, म्हणजे कणकेच्या कवचांत भाजलेलें सारण. तळलेला मासा आणि बटाट्याच्या फोडी. रविवारीं दुपारीं भाजलेलें मांस, बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग. पाव, चीज, लोणचें आणि कांदा यांच्या थाळीला ‘नांगऱ्याचें जेवण’ असें प्राचीन वाटणारें नांव आहे. शेतकरी पाव-चीज पूर्वापार खात आले हें खरें. पण त्याला या नांवानें घरोघर पोंचविलें तें विसाव्या शतकाच्या मध्यानंतर चीज आणि दूध यांचा खप वाढवूं पाहणाऱ्या मंडळांनीं. १९९१ सालीं लंडनच्या क्लार्कनवेल भागांतील ‘ईगल’ या घरानें ताजें, निवडक अन्न रांधण्यास आरंभ केला, आणि तेव्हांपासून जेवणासाठींच पबांत जाण्याची चाल वाढली. मुलेंबाळें घेऊन कुटुंबेंहि येऊं लागलीं. रात्रीं अकराच्या सुमारास घंटा वाजते, ‘शेवटची मागणी’ असा पुकारा होतो, आणि थोड्या वेळानें दुसरा पुकारा होऊन मंडळी उठतात. कायदा आतां पूर्वीइतका कडक राहिला नाहीं. परंतु घंटेची रीत राहिली आहे. कोठें थांबावें हें माणसाला घंटेनें सांगावें, यांत कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं.

हें सर्व चित्र फार गोड झालें. ‘सार्वजनिक’ हा शब्द दारावर लिहिल्यानें घर सार्वजनिक होत नसतें. एकाच छपराखालीं मजुरांसाठीं साधा ‘पब्लिक बार’ आणि पांढरपेशांसाठीं गालिचा घातलेला ‘सलून बार’ असे दोन भाग असत. दोहोंत भिंत, आणि पेयांच्या किंमतींतहि फरक. स्त्रियांची कथा अधिक लांबलेली आहे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील, वर्तमानपत्रकारांच्या बैठकीच्या एका नामांकित मद्यगृहांत स्त्रियांना बारपाशीं उभें राहून पेला मिळत नसे. त्यांनीं मागच्या खोलींत बसावें असा नियम. दोन स्त्रियांनीं न्यायालयांत दाद मागितली आणि १९८२ सालीं अपील कोर्टांत त्या जिंकल्या.

आणि आपल्या देशबांधवांचा अनुभव? बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक गांवीं ओतकामाच्या कारखान्यांत राबणारे पंजाबी मजूर दिवसाच्या कामानंतर पबांत जात, तेव्हां त्यांना कित्येक ठिकाणीं विशिष्ट खोलींत प्रवेश नाकारला जाई. भारतीय कामगारांच्या संघानें या वर्णभेदाविरुद्ध चळवळ केली. त्यांच्या निमंत्रणावरून अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे पुढारी माल्कम एक्स हे १२ फेब्रुवारी १९६५ रोजीं स्मेदिकला आले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनीं न्यूयॉर्कमध्यें त्यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस सार्वजनिक जागीं वर्णभेद करणें ब्रिटनमध्यें कायद्यानें निषिद्ध ठरलें. इतिहासाचा पुढील डाव पहा. कारखाने बंद पडले, गोरीं गिऱ्हाइकें घटलीं, आणि त्याच भागांतील पडीक होत चाललेले अनेक पब पंजाबी कुटुंबांनीं चालविण्यास घेतले. आज तेथें तव्यावर चरचरणारें मसालेदार भाजलेलें मांस आणि बीअरचा पेला घेऊन गोरे, काळे, सांवळे शेजारी एकाच टेबलाशीं बसतात. ‘देशी पब’ हेंच त्यांचें नांव रूढ झालें आहे. ज्यांना दार उघडलें गेलें नाहीं त्यांनींच तें दार बंद होण्यापासून वांचविलें.

कारण दारें बंद होत आहेत, आणि झपाट्यानें. २००० सालीं संयुक्त राज्यांत सुमारें ६०,००० पब होते. आज ते ४५,००० च्या आसपास आले आहेत. कारणें अनेक आहेत. जागेचें भाडें आणि कर वाढले. १९६७ सालीं मोटार चालविणाऱ्याच्या रक्तांतील मद्याला मर्यादा घालण्यांत आली. २००७ सालीं इंग्लंडांत बंद जागेंत धूम्रपानाला मनाई झाली. हे दोन्ही कायदे हितकारक आहेत, त्यांना नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण सर्वांत मोठें कारण घरींच आहे. मोठ्या दुकानांतून बीअर पबापेक्षां पुष्कळ स्वस्त मिळते. ती पेटींत भरून नेतां येते आणि दूरदर्शन-संचापुढें एकट्यानें पितां येते. आज ब्रिटनमध्यें बीअरचा निम्म्याहून अधिक भाग याप्रमाणें दुकानांतून विकला जातो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. घर नाहींसें झालें तर पेल्याचें काय होतें? मार्च १९२० नव्हे, १९४० नव्हे, तर मार्च २०२० मध्यें महामारीमुळें ब्रिटनमधील एकूण एक पब सरकारी हुकुमानें बंद झाले. दोन महायुद्धांतहि असें घडलें नव्हतें. दारूबंदीच्या एकाद्या भोळ्या पुरस्कर्त्याला वाटलें असतें कीं आतां दारूचे बळी घटतील. घडलें तें उलट. निव्वळ मद्यामुळें ओढवणारे मृत्यु २०१९ सालीं संयुक्त राज्यांत सुमारें ७,५०० होते. ते २०२० सालीं वाढले, वाढतच गेले, आणि २०२२ सालीं १०,००० च्या वर गेले. याचें एकमेव कारण पबांची बंदी असें मी म्हणणार नाहीं. चिंता, एकटेपणा, दवाखान्यांवरील ताण हींहि होतीं, आणि जे अगोदरच फार पीत होते तेच घरीं अधिक पिऊं लागले. परंतु एवढें निश्चित दिसलें कीं, दार बंद केल्यानें पेला बंद झाला नाहीं. नाहींशी झाली ती त्या पेल्यावरील शेजाऱ्याची नजर. घरीं घंटा वाजत नाहीं. ‘आज पुरे झालें, आतां घरीं जा’ असें म्हणणारा बारमागील परिचित माणूस तेथें नसतो. आणि आज अमुक गृहस्थ आला कसा नाहीं, अशी चौकशीहि कोणी करीत नाहीं.

१९३७ सालीं स्थापन झालेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेनें बोल्टन या गिरणगांवांतील पबांचें बारकाईनें निरीक्षण करून १९४३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. राहतें घर आणि कामाची जागा सोडली तर लोकांचा सर्वांत अधिक वेळ ज्या इमारतींत जातो ती पब होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. देऊळ नव्हे, सभागृह नव्हे, चित्रपटगृहहि नव्हे. एका टोळक्यांतील माणसें जवळजवळ सारख्याच गतीनें पेला रिकामा करतात, असेंहि त्यांना आढळलें. सोबत माणसाला कधीं ओढते हें खरें. पण ती त्याला धरूनहि ठेवते.

हें सत्य सर्वांत आधीं कोणीं ओळखलें असेल तर तें मद्यपानाच्या शत्रूंनीं. १८३२ सालीं प्रेस्टन येथें जोसेफ लिव्हसी आणि त्याचे सोबती यांनीं संपूर्ण मद्यत्यागाची प्रतिज्ञा घेतली. परंतु हे लोक नुसती प्रतिज्ञा घेऊन थांबले नाहींत. मजुराला सायंकाळीं बसावयाला ऊब असलेली, उजेडाची जागा पाहिजे हें जाणून त्यांच्या चळवळीनें सभागृहें, वाचनालयें, कॉफीगृहें उघडलीं. ५ जुलै १८४१ रोजीं टॉमस कुक या मद्यनिषेधकानें लेस्टरहून लफबराच्या सभेला सुमारें ५०० लोकांची आगगाडीची सहल नेली. पुढें जगप्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासी व्यवसायाचें मूळ यांतच आहे. पबांतून माणूस काढावयाचा तर त्याला दुसरीकडे कोठेंतरी न्यावा लागतो, हें त्यानें जाणलें होतें.

आणि जेथें लोकांना आपलें घर गमवावयाचें नव्हतें, तेथें त्यांनीं तें विकत घेतलें. कंब्रिया परगण्यांतील हेस्केट न्यूमार्केट या खेडेगांवच्या रहिवाशांनीं २००३ सालीं सहकारी तत्त्वावर भाग काढून ‘ओल्ड क्राउन’ हा आपल्या गांवचा पब ताब्यांत घेतला. ब्रिटनमधील हा पहिला सहकारी पब मानला जातो. त्यानंतर अनेक गांवांनीं तोच मार्ग धरला. सहकाराचें माहात्म्य महाराष्ट्राला निराळें सांगावयास नको. साखरेसाठीं, दुधासाठीं आपण भाग काढले. बसावयाच्या जागेसाठीं भाग काढावेत ही कल्पना मात्र आपल्याला अजून नवी आहे.

आपल्याकडेहि अशी घरें होतींच. गांवची चावडी, देवळाचा पार, पेठेंतील वाड्याची ओसरी, गिरगांवांतील चाळीचा कठडा, कोपऱ्यावरचें इराण्याचें हॉटेल, जेथें एका चहावर तासभर बसलें तरी कोणी उठवीत नसे. त्यांतील कित्येक आपल्या देखत गेलीं. इराण्याचीं हॉटेलें आज थोडींच उरलीं आहेत. वाड्यांच्या जागीं मनोरे उठले आणि त्यांच्या दारांत पहारेकरी बसले. या आपल्या बैठकांतहि सर्वांना सारखी जागा कधींच नव्हती. पारावर कोण बसे आणि कोणाला दूर उभें राहावें लागे हें आपण जाणतों, आणि स्त्रियांना तर तेथें जागाच नव्हती. म्हणून नुसतें जुनें परत आणून भागणार नाहीं. स्मेदिकच्या लोकांनीं केलें तसें दार उघडून घेऊनच तें आणावें लागेल.

पेला तेथें असावा कीं चहाचा कप असावा, हा ज्याच्या त्याच्या आचाराचा प्रश्न आहे. परंतु निमंत्रणावांचून जातां यावें, थोडक्या पैशांत जेवतां यावें, शेजाऱ्यानें नांवानें हांक मारावी, आणि चार दिवस आपण दिसलों नाहीं तर कोणीतरी चौकशी करावी, अशी एक जागा प्रत्येक आळीला पाहिजे. ज्या घरांत म्हातारपणीं एकटें माणूस मागें राहतें, आणि अशीं घरें आपल्या शहरांतून वाढत आहेत, त्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ही जागा आहे काय, एवढाच प्रश्न आपल्यापुढें ठेवून मी आपली रजा घेतों.